जमावाच्या वाट्याचे वाक्य

झावळ्यांच्या रविवारी मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीकडच्या चर्चना झावळ्या शोधाव्या लागत नाहीत. हा मुलूखच माडांचा. कोवळ्या पात्या हातात धरून भाविक मिरवणुकीने आत येतात. येरुशलेमेत येशूचे स्वागत झाले त्याची ही आठवण, आणि पवित्र सप्ताहाची सुरुवात. जयघोष विरतो न विरतो तोच, त्याच मिस्सात येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो. तो एकट्याने वाचायचा नसतो. येशूचे शब्द धर्मगुरूंकडे, निवेदन एका वाचकाकडे, पेत्र-पिलाताचे बोलणे दुसऱ्याकडे, आणि अनेक ठिकाणी जमावाची वाक्ये बाकांवरच्या सगळ्या भाविकांकडे असतात. या माणसाचे काय करू, असे पिलात विचारतो, तेव्हा हातातली झावळी तशीच ठेवून अख्खे चर्च एका सुरात त्याच्यासाठी क्रूस मागते.

गुड फ्रायडेला योहानाचे शुभवर्तमान वाचताना हे पुन्हा घडते.

सिंधुदुर्गातल्या माणसाला रात्रभर चालणारे नाटक नवे नाही. जत्रेत दशावतार रंगतो, संकासुर धुमाकूळ घालतो, विष्णू त्याला मारतो आणि आपण समाधानाने घरी येतो. तिथे राक्षस रंगमंचावर असतो. पवित्र सप्ताहाची उपासना मात्र प्रेक्षकाला बसू देत नाही. खलनायकाची वाक्ये ती आपल्याच तोंडी घालते.

इथल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांची मुळे गोव्यात आहेत. ही कथा मराठीत ऐकण्याची त्या मातीची सवय जुनी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले. पण अधिकृत उपासना लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना वाट मोकळी केली, तेव्हा कुठे जमावाचे ते वाक्य लोकांच्या जिभेवर आले. न कळणाऱ्या भाषेत ते दुसऱ्या कुणाचे तरी राहते. आपल्या भाषेत उच्चारले की ते घशात अडकते.

आणि ते अडकायलाच हवे. या वृत्तांतातला जमाव म्हणजे ‘ते’, असे युरोपने कित्येक शतके मानले. येशूच्या मृत्यूचा ठपका साऱ्या ज्यू समाजावर ठेवला गेला आणि याच पवित्र दिवसांत कितीतरी गावांत ज्यूंवर हल्ले झाले. त्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर ठेवता येणार नाही, असे त्याच परिषदेला १९६५ साली स्पष्ट सांगावे लागले. प्रार्थना माणसाला आपोआप नम्र करत नाही. दुःखाची कथा ऐकून डोळे भरून येतात आणि तेच डोळे शेजाऱ्यात गुन्हेगार शोधू लागतात, असेही होते. जमावाची ओळ स्वतः म्हणावी लागली, तर निदान त्या क्षणी बोट दाखवायला दुसरे कुणी उरत नाही.

एकट्याने घरी प्रार्थना करताना हे सहसा घडत नाही. मनातल्या मनात आपण नेहमी क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या योहानाच्या जागी असतो, नाहीतर क्रूस वाहायला हात देणाऱ्या शिमोनाच्या. यहूदा व्हायला कोण तयार होईल? सामुदायिक उपासना ही निवड आपल्या हातात ठेवत नाही.

कोकणातल्या गावाला जमाव परका नाही. गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकायचे ठरवले की त्या घराशी वैर नसलेली माणसेही बोलणे बंद करतात. विचारले तर उत्तर एकच, सगळ्यांनी ठरवले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा मंजूर केला, तो याच ‘सगळ्यां’ना आवर घालण्यासाठी. कारण ‘सगळे’ नावाचा माणूस कुठल्याच न्यायालयात उभा राहत नाही. पिलातानेही हात धुतले ते जमावाकडे बघतच.

पवित्र सप्ताह माणसाला या ‘सगळ्यां’त आणून सोडतो, पण तिथे ठेवून जात नाही. गुरुवारी धर्मगुरू गुडघे टेकून भाविकांचे पाय धुतात. शुक्रवारी मिस्सा होत नाही. वेदीवर वस्त्र नसते, घंटा वाजत नाही. शनिवारी रात्री जागरणविधीत नवा अग्नी पेटतो आणि एका मोठ्या मेणबत्तीवरून शेकडो मेणबत्त्या लागतात. मग धर्मगुरू बाप्तिस्म्याच्या वेळचे प्रश्न पुन्हा विचारतात: सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा त्याग करता का? उत्तर याही वेळी सगळे मिळूनच देतात. पण फरक मोठा आहे. शुक्रवारचे वाक्य गर्दीचे होते, म्हणून कुणा एकाचे नव्हते. शनिवारचा होकार प्रत्येकाने आपापल्या तोंडून, आपल्या बाप्तिस्म्याला स्मरून द्यायचा असतो.

दोन्ही वेळा माणसे तीच, गळा तोच. गर्दीतून उठून बाहेर पडल्याने माणूस सुधारतो असे हा सप्ताह सांगत नाही. गर्दीतच उभे राहून स्वतःच्या नावाने बोलायला तो शिकवतो. उद्या कुठल्याही बैठकीत, ग्रामसभेत किंवा मोबाइलवरच्या गटात सगळ्यांचा सूर एक होईल, तेव्हा थांबून एवढेच विचारावे: हे वाक्य मी एकटा असतो, तरी म्हटले असते का?