सोमवारी त्याच्याजवळ कोण?

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत आता शेतघरं पुष्कळ झाली आहेत. भाटघर, पानशेत, गुंजवणी धरणांच्या पाण्याकडे तोंड करून बांधलेली. मालक शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी पुण्याला परततात. मग मागे राखणीला एक कुत्रं असावं, असं मनात येतं. आज बोलायचंय ते त्या कुत्र्याविषयी.

विकत आणण्यापेक्षा निवाऱ्यातून दत्तक घ्यावं, हा विचार चांगलाच आहे. पुण्यात बावधनच्या रेस्क्यू ट्रस्टसारख्या संस्था जखमी, टाकून दिलेली कुत्री बरी करून घरं शोधून देतात. तिथे गेलं की मन आधी पिल्लाकडे ओढ घेतं. माझं म्हणणं, दोन-तीन वर्षांचं कुत्रं बघा. पिल्लू पुढे कसं निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. मोठ्याचा स्वभाव मात्र त्याला रोज खाऊ घालणाऱ्याला पक्का ठाऊक असतो. त्यालाच विचारा: फटाक्यांना घाबरतं का? लेकरांजवळ शांत राहतं का? कोंबड्या-शेरडांमागे धावतं का? हा शेवटचा प्रश्न वेल्ह्यात विसरून चालणार नाही, कारण शेजारच्या वाडीचं पोट त्या शेरडांवर असतं. कानाच्या टोकाला खाच असली तर नसबंदी झालेली आहे असं समजा. रेबीजची लस कधी टोचली तेही कागदावर बघा आणि पुढची चुकवू नका. जातीचा हट्ट नको. तोरण्याच्या पायथ्याला पावसाळाभर अंग सुकत नाही. तिथे दाट केसांच्या विलायती कुत्र्याची कातडी बिघडते. आपल्या गावठी कुत्र्याचे आखूड केस लवकर वाळतात.

हे सगळं जमेल. अवघड आहे ती मालक परतल्यावर कुत्र्याच्या गळ्यात राहणारी साखळी. या डोंगरांत बिबट्या फिरतो, आणि रात्री अंगणात बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. सदोदित बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलंच नाही, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा ठरतो. कारण नसताना प्राणी सोडून देणं हाही गुन्हाच. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही रस्त्यावरचं कुत्रं दत्तक द्यायला वाट मोकळी ठेवली, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली.

नव्या जागी आलेलं कुत्रं पहिले काही दिवस नीट खात नाही, कोपरा सोडत नाही. तेव्हा त्याला रोज तोच हात, तोच आवाज लागतो. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या माणसाकडून हे व्हायचं नाही. तुमच्या शेतघरावर एखादं जोडपं राहत असेल, तर निवाऱ्यात त्यांना घेऊन जा. कुत्रं त्यांना निवडू द्या, आणि त्याच्या खाण्याचा, औषधाचा खर्च तुम्ही उचला. तसं कुणीच राहत नसेल, तर दाराला चांगलं कुलूप लावा. कुत्रं आणू नका.