दानाचा हिशेब



दर जूनमध्ये आपल्या धर्मग्रामातर्फे गरजू मुलांना वह्या-दप्तरे वाटली जातात. यंदा त्या अहवालावर सही करताना माझा हात अडखळला. किती वह्या घेतल्या, किती पैसे लागले, सारे चोख होते. परंतु गेल्या वर्षीच्या मुलांपैकी किती जण शाळेत टिकले, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. अशाच अहवालांवर मी वर्षानुवर्षे सही करीत आलो. चूक प्रथम माझी आहे.

सेवाभावी संस्थेविषयी आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो: 'पगारावर आणि प्रवासावर किती गेले?' प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' या संस्थेसोबत बाललसीकरणाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. जेथे संस्थेची शिबिरे नव्हती, तेथे सर्व लसी पूर्ण झालेली मुले शंभरात ६ होती. जेथे दरमहा न चुकता शिबिर भरले, तेथे १८. जेथे शिबिरासोबत प्रत्येक लसीमागे किलोभर डाळ आणि शेवटी थाळ्या दिल्या, तेथे ३९. डाळीमुळे खर्च वाढला, असे कोणी म्हणेल. परंतु नर्सबाईंचा पगार तेवढाच होता आणि मुले अधिक आली. त्यामुळे पूर्ण लसीकरण झालेल्या दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. केवळ खर्चाचा रकाना पाहणाऱ्याने नेमकी डाळच बंद केली असती!

प्रेषितांच्या काळीही हा प्रश्न उभा राहिला होता. रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली. 'आमचा हेतू शुद्ध आहे', असे म्हणून प्रेषितांनी ती झटकली नाही. त्यांनी समुदायाकडून सात विश्वासू माणसे निवडून घेतली आणि व्यवस्था सुधारली. ॲरिस्टॉटलनेही म्हटले आहे की, पैसे देणे कोणालाही जमते. योग्य व्यक्तीला, योग्य वेळी, योग्य रीतीने देणे कठीण.

येथे एक धोकाही आहे. आकड्यांच्या नादात गरिबाचाच आकडा होऊ शकतो. म्हणून ध्यानात ठेवू या: माणसाला मोजायचे नाही, आपल्या कामाला मोजायचे आहे. मरणशय्येवरील वृद्धेजवळ बसलेल्या भगिनीच्या सेवेचे फळ कोणत्या रकान्यात लिहिणार? तेथे प्रेम हेच फळ असते. मात्र प्रेमाचे नाव सांगून आपला निष्काळजीपणा झाकता येणार नाही.

पॅरिश कौन्सिलला माझी विनंती आहे. यंदा वह्या मिळालेल्या प्रत्येक घरी वर्षअखेरीस आपले दोघे जण जावोत. त्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: मूल शाळेत जाते का? नसेल, तर काय अडले? कदाचित वहीपेक्षा बसभाडे अधिक गरजेचे असेल. उत्तर कडू असले तरी आपण ते ऐकू.

दानपेटीत पडलेले नाणे एखाद्या विधवेचेही असू शकते. त्याचा हिशेब प्रभू आपल्याकडे मागणार आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
फादर