रिकामं कपाट

2024 साली लिएंडर पेस आणि विजय अमृतराज यांचा समावेश झाला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ‘इंटरनॅशनल टेनिस हॉल ऑफ फेम’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं. हे संग्रहालय अमेरिकेत, न्यूपोर्टला आहे. 1881 साली त्या देशाची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा याच आवारात झाली. मला मात्र एक प्रश्न पडतो: जिंकलेल्यांची आठवण जपणारी वास्तू, ज्यांना खेळूच दिलं नाही त्यांचं काय देणं लागते?

ओरा वॉशिंग्टनचंच बघा. राष्ट्रीय स्पर्धेचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं, म्हणून त्यांनी 1916 साली अमेरिकन टेनिस असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली. तिच्या स्पर्धेत ओराने एकेरीचं विजेतेपद आठ वेळा मिळवलं, त्यातली सात सलग, 1929 ते 1935. पोटासाठी ती लोकांच्या घरी कामं करायची. त्याच काळात गोऱ्या जगाची सम्राज्ञी होती हेलन विल्स मूडी, आठ वेळा विम्बल्डन जिंकलेली. दोघींचा सामना कधी झालाच नाही.

1950 साली ते दार अल्थिया गिब्सनसाठी उघडलं. 1957 आणि 1958, दोन्ही वर्षी तिने विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धा जिंकली. 1971 साली ती हॉल ऑफ फेममध्ये गेली. ओरा वारली तीही त्याच वर्षी.

कुणी म्हणेल, संग्रहालय पुराव्यावर चालतं; ‘खेळली असती तर जिंकली असती’ याला कप मिळत नाही. मान्य. पण पुरावा का नाही? कारण तो तयारच होऊ दिला नाही. आधी परीक्षेला बसू द्यायचं नाही आणि मग गुणपत्रिका मागायची, हा कुठला न्याय?

आणि गंमत अशी की, पुराव्याचा हाच नियम हेलनलाही लागू होतो. ती सर्वोत्तम होती हे तरी कुठे सिद्ध झालंय? ज्यांना आत घेतलं, त्यांच्यात ती सर्वोत्तम होती. बंद दाराने ओराची संधी हिरावली, तशी हेलनच्या विजयातली खात्रीही.

म्हणून ओराला काल्पनिक कप द्या, असं मी म्हणणार नाही. खऱ्या कपांशेजारी एक रिकामं कपाट ठेवा आणि दार कुणाला बंद होतं ते त्यावर लिहा. ‘मेरिट’ हा शब्द कानावर पडला की हल्ली मी आधी विचारतो: रांगेत उभं राहायची परवानगी कुणाकुणाला होती?