नाममुद्रेचे ऋण

बंगळूरच्या राजाजीनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला ग्रंथकर्तृत्वाचा प्रश्न केवळ पंडिती वाटत नाही. तेथील बसवमंटपाशी ज्यांचे कार्य निगडित होते, त्या माते महादेवी यांनी ‘बसव वचन दीप्ती’ या संपादनात बसवण्णांची ‘कूडलसंगमदेव’ ही मुद्रा बदलून ‘लिंगदेव’ अशी योजिली. अनेकांची भावना दुखावली; कर्नाटक सरकारने १९९८ मध्ये ग्रंथावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. एका शब्दासाठी एवढा कलह का? मुद्रा ही वचनाची सही असते. ती बदलणे म्हणजे दिवंगताच्या मुखी आपला शब्द घालणे होय, असे पुष्कळांना वाटले म्हणून.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या ग्रंथांत हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. तेथे सही कायम आहे. हात कोणाचा, ही शंका आहे. नव्या करारातील तेरा पत्रांवर पौलाचे नाव आहे. त्यांपैकी सात त्याचीच, याविषयी अभ्यासकांत जवळपास एकमत आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राची शब्दकळा आणि त्यात दिसणारी मंडळीची घडी मात्र बहुतेकांना पौलानंतरच्या पिढीची वाटते. स्त्रीने शिकवू नये, मौन धरावे, ही आज्ञा याच पत्रात आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रातही तशा ओळी आहेत, पण त्या मागाहून शिरल्या असाव्यात, असे कित्येकांचे मत आहे. रोमकरांस पत्रात तर पौल फिबी या मंडळीच्या सेविकेची आदराने शिफारस करतो. मग शतकानुशतके स्त्रिया गप्प राहिल्या, त्या कोणाच्या शब्दाखातर?

गुरूच्या नावाने लिहिणारा शिष्य लबाडच असतो, असे नव्हे. ‘मी’पण विसर्जित करण्याची तीही एक रीत असेल. परंतु नम्रतेने घेतलेल्या नावाबरोबर अधिकारही येतो. आणि तो ज्यांच्यावर चालतो, त्यांना ‘हा अधिकार कोणाचा?’ असे विचारण्याचा हक्क आहे.

हे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. ती चिकित्सा भक्तीतूनच आली होती. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तिय नावाचा लेखनिक स्वतःचा नमस्कार कळवतो. बोलणारी वाणी एकाची आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा, हे दोन्हीकडे प्रांजळपणे नोंदलेले आहे. त्याने दोन्ही ग्रंथांच्या पावित्र्याला काही उणेपणा आलेला नाही.