चोखोबांची पायरी आणि आपले देणे

पंढरीस महाद्वारी पोचलो की आपण नामदेवरायांच्या पायरीला माथा लावतो, समोर चोखोबांची समाधी आहे तिला हात जोडतो आणि मग आत जातो. वर्षानुवर्षांचा हा क्रम. दोघेही दाराबाहेर, म्हणून दोघांची गोष्ट एकच असे वाटते. पण तसे नाही. नामदेवरायांनी ती पायरी मागून घेतली. संतसज्जनांची चरणधूळ आपल्याला लागावी ही त्यांची हौस. चोखोबांनी मात्र काही मागून घेतले नव्हते. जिवंतपणी त्या दाराच्या आत पाऊल टाकायची त्यांना मुभाच नव्हती.

शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ साली, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते अंगावर कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि ज्या दारात ते जन्मभर तिष्ठत उभे राहिले तिथेच ठेवल्या, असे परंपरा सांगते. पुढे साने गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनवले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले. १० मे रोजी ते सुटले. अस्पृश्य म्हणविलेल्यांना मंदिर मोकळे करण्याचे कबूल झाले. मधे गेली किती वर्षे? सहाशे नऊ.

मग झाले की! दार उघडले, हिशेब मिटला. पुष्कळांची अशी समजूत आहे. आमची नाही.

कीर्तनात आपण ऐकतो की देव स्वतः चोखोबांच्या घरी जेवला, त्यांच्यासंगे ढोरे ओढू लागला. मग कोणी पुसतो, अन्याय राहिला कुठे? अहो, देवाने प्रेम केले ते देवाचे. माणसांनी नाकारले ते माणसांच्या अंगावर तसेच आहे. शेजारणीने उपाशी पोराला भाकरी दिली म्हणून बापाची जबाबदारी फिटते काय? दुसरे कोणी म्हणतात, पूर्वजन्मीचे कर्म. हे तर त्याहून वाईट. ज्याला मार बसला त्यालाच जाब विचारायचा! कर्माचा सिद्धान्त ज्याने त्याने आपली झाडती घ्यावी म्हणून आहे, तो दुसऱ्याच्या पाठीवर लादायचा नसतो.

तिसरी सबब जरा विचार करण्यासारखी आहे. ‘हे वाडवडिलांनी केले, आम्ही थोडेच केले?’ इथे तुकोबारायांकडे पाहावे. घरात सावकारी वडिलोपार्जित होती. दुष्काळाने लोक देशोधडीला लागलेले, आणि कर्जखते पेटीत. ती सगळी काही तुकोबांनी स्वतः लिहून घेतली नव्हती. तरी त्यांनी वाटणी केली, कान्होबांचा अर्धा हिस्सा कान्होबांच्या हाती दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडविला. यातली गोम बघा. भावाच्या वाट्याला हात लावून त्यांनी पुण्य केले नाही, जे सोडले ते स्वतःचे सोडले. जमीन, मान, गावातली पुढची जागा ही वडिलांकडून येते तेव्हा आपण ‘आम्ही थोडीच मिळवली’ असे म्हणून परत करीत नाही. मग देणे तेवढे परके कसे?

आता खरा प्रश्न. हे देणे फिटते का?

चोखोबांचे फिटत नाही. ते गेले. सोयराबाई, निर्मळा, बंका, सगळी गेली. त्यांचा मुलगा कर्ममेळा देवालाच रोखठोक विचारतो की असा जन्म का दिलास. त्याला उत्तर मिळाल्याचे कुठे आढळत नाही. या मंडळींच्या वतीने क्षमा करणारा आज कोणी नाही. समाधीवर कितीही फुले वाहा, मखर करा, ती क्षमेची पावती होत नाही. फुले वाहू नयेत असे नव्हे हं. वाहावीत, पण ती वाहून मोकळे झालो असे मानू नये.

जिवंत माणसांचे मात्र फिटते, आणि ते फेडायला देवळापर्यंत जावेही लागत नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात दिंडीबरोबर केलेल्या प्रवासाचे वर्णन केले आहे. १९४९ साली निघालेल्या ‘परिपूर्ती’ पुस्तकात तो आहे. वाटेने सगळे एका नामात चालतात, आणि जेवायला बसताना ब्राह्मण व मराठे वेगवेगळे, हे पाहून बाईंना फार लागले. पंगत हे देवळापेक्षा जवळचे दार आहे. आपल्या दिंडीत वाढपी कोण, पाणी कोणाच्या हातचे चालते, पुढच्या विण्याचा मान कोणाकडे, हे ज्याने त्याने आपल्या फडावर बघावे. तिथे आजही काही द्यायचे उरले असेल, तर ते देता येते.

‘दार उघडले तरी ते येत नाहीत’ अशी कुरकुर अधूनमधून कानी पडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि पुष्कळ घरांनी पंढरीची वाट सोडली. त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला होता. चोखोबा त्यांच्या मनातून गेले नव्हते. दार उघडणे हे आपल्याकडचे देणे होते. त्यातून आत यायचे की नाही, हे ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी ठरवायचे, आणि त्यांनी ठरविले.