पुढे धाडलेल्या शब्दाचे कर्तृत्व

अन्य प्रमाणाने अगोदरच ज्ञात असलेली गोष्ट पुन्हा सांगणे, याला मीमांसक अनुवाद म्हणतात. अनुवाद नवे ज्ञान देत नाही. म्हणून त्याला स्वतंत्र प्रामाण्यही नाही. मोबाईलवर आलेला मजकूर एका बोटाने पुढे पाठविणारा मनुष्य, त्याने मीमांसा ऐकलेली नसली तरी, स्वतःच्या बचावासाठी याच युक्तिवादाचा आश्रय घेत असतो. आपण काही म्हटले नाही, आले ते पुढे धाडले, असे तो म्हणतो. हे समर्थन कितपत टिकते, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

दिनांक १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना मुले पळविणारे समजून ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर निर्वाह करणारे, सोलापूर जिल्ह्यातून आलेले लोक होते. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत आहेत अशी वार्ता त्यापूर्वीच व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरली होती. ज्यांनी काठ्या उगारल्या त्यांचा निवाडा न्यायालय करू शकते. परंतु ज्यांनी घरबसल्या ती वार्ता चार ठिकाणी पोहोचविली आणि मग जेवावयास बसले, त्यांचे काय?

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात ते वक्ता आप्त असेल तरच. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि जाणली तशी सांगणारा. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातलग! आजच्या अफवेचे बहुतेक बळ या दोन अर्थांच्या घोटाळ्यात आहे. निनावी मजकूर मामांकडून येतो, वहिनींकडून येतो, शाळासोबत्याकडून येतो. आणि वाचणारा नात्यातल्या आप्ताला शास्त्रातला आप्त समजून चालतो. मामांनी तरी काय पाहिलेले असते? त्यांनाही ते कोणा आप्ताकडूनच आलेले असते. तेव्हा पुढे पाठविणारा केवळ वाहक राहत नाही. निनावी वाक्याजवळ जी विश्वसनीयता नव्हती, ती तो आपल्या पदरची घालतो. याला अनुवाद म्हणता येत नाही. कारण सांगणाऱ्यास ती गोष्ट खऱ्या अर्थाने ज्ञात नसते, आणि ऐकणाऱ्यास ती प्रथमच कळत असते.

महाभारताच्या द्रोणपर्वात याचे मर्म फार स्पष्ट दिसते. अश्वत्थामा मारला गेला असे भीमाने ओरडून सांगितले, तेव्हा द्रोणाचार्य क्षणभर गळाले खरे, परंतु पुत्राचे बळ आठवून पुन्हा युद्धास सरसावले. मग त्यांनी युधिष्ठिरास विचारले. कारण तो असत्य बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती. तेच वाक्य त्याच्या मुखातून आले आणि आचार्य खचले. ‘हत्ती’ हा शब्द युधिष्ठिराने अस्पष्ट उच्चारला होता. वाक्य खोटे नव्हते. त्याचा शेवट तेवढा ऐकू आला नव्हता. २०१८ च्या सुमारास भारतभर फिरलेल्या एका चित्रफितीचेही असेच झाले. दोघे मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मूळ फीत कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी केलेली होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. तो शेवट कोणीतरी कापला होता.

आता कोणी म्हणेल, आईने काळजीपोटी दुसऱ्या आईस सावध केले तर त्यात पाप कोणते? आक्षेप खोटा नाही, आणि हेतूची शुद्धी धर्मविचारात मोजली जातेच. तथापि गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना अनुद्वेग हा सत्याच्याही आधी ठेवला आहे. काळजी खरी असेल तर शेजारच्या पोलीस ठाण्यात विचारता येते. निदान आपण हे पाहिलेले नाही, एवढे एक वाक्य तरी मजकुरास जोडता येते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसासाठी होणाऱ्या हिंसेचा दोष केवळ मारणाऱ्याच्या माथी मारलेला नाही. अनुमती देणारा, विकणारा, शिजविणारा, इतकेच नव्हे तर पानात वाढणाराही त्यात धरला आहे. वाढणाऱ्याचा हेतू तर पाहुणचाराचाच असतो.

राज्यव्यवहारात शब्दाला धनी असावा, हे कायद्यानेही मानले आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते छापावे लागतात. वृत्तपत्रावर संपादकाचे नाव असते. परंतु निवडणुकीच्या दिवसांत मोबाईलच्या गटांतून फिरणाऱ्या मजकुराखाली बहुधा कोणाचेच नाव नसते, आणि ज्या पक्षाचा त्यात लाभ तो पक्ष हात झटकून मोकळा होतो. २०१८ च्या जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास बंदी घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मजकुरास एकाच ठिकाणाची मर्यादा आली. २०२१ च्या नियमांनी तर, ठराविक गंभीर अपराधांच्या बाबतीत, मजकुराचा पहिला कर्ता शोधून देण्याची जबाबदारी अशा मोठ्या कंपन्यांवर टाकली. खासगी संभाषणाची गुप्तता त्याने भंगेल म्हणून व्हॉट्सॲपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. तो वाद कायद्याचा आहे. परंतु उद्या पहिला कर्ता सापडला, तरी त्याच्या आणि राईनपाड्याच्या बाजाराच्या मध्ये जे असंख्य आप्त उभे होते, त्यांचे नाव त्या शोधात कोठेच येत नाही.