न भेटलेल्या माणसाचे सुतक

‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया याचे ९ ऑगस्ट १९९५ रोजी कॅलिफोर्नियातील एका व्यसनमुक्ती केंद्रात निधन झाले. वय अवघे ५३. चार दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये सुमारे २५ हजार माणसे त्याला निरोप द्यायला जमली. त्यातल्या बहुतेकांशी तो आयुष्यात एक शब्दही बोललेला नव्हता. तरीही घरातले माणूस गेल्यासारखी ही माणसे शोक करत होती. हे दुःख खरे म्हणायचे का, आणि खरे असेल तर त्यांचे नेमके गेले काय?

पहिल्या प्रश्नाला समाजशास्त्राने एक उत्तर देऊन ठेवले आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये रेडिओ-टीव्हीवरच्या कलावंतांविषयी प्रेक्षकांना वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले. हे वर्णन पुढे हिणवण्यासाठीच जास्त वापरले गेले. पण नाते एकतर्फी असले म्हणून त्यातून मिळालेले काही खोटे ठरत नाही. ज्याने दिले त्याला घेणाऱ्याचे नावही ठाऊक नसेल. घेणाऱ्यावरचे ऋण त्यामुळे फिटत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. गाणी तर मागे राहिली आहेत. शिवाय या बँडइतके ध्वनिमुद्रण फार थोड्यांचे झाले असेल. तीस वर्षांत २,३००हून अधिक मैफली झाल्या आणि १९८४ पासून तर रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना वेगळी जागाच राखून ठेवली जाई. ध्वनियंत्रणेच्या टेबलामागे उंच काठ्यांवर मायक्रोफोन उभे राहत आणि कॅसेटची देवाणघेवाण टपालाने होई. पैसे घेऊन कॅसेट विकणे या मंडळींत कमीपणाचे समजले जाई. कॉर्नेल विद्यापीठातली ८ मे १९७७ची मैफल पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झाली.

पण ज्यांच्या घरी अशा कॅसेटींची कपाटे भरली होती, त्यांनाच काय गेले ते जास्त नेमके कळत होते. ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८च्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आत संपते; मंचावर तेच कधी अर्धा तास चाले, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने जाई. आज रात्री गार्सिया कुठे वळेल, हे त्याच्या साथीदारांनाही आधी ठाऊक नसे. ख्याल ऐकणाऱ्या रसिकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तोच राग, तोच गवई, पण कालची मैफल आज नसते. (बँडचा तालवादक मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँकडे शिकला आणि मुंबईच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर वर्षानुवर्षे वाजवत राहिला, तेव्हा हा संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही.) मृत्यू वाईट का, याचे कारण थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७० मध्ये असे दिले की तो पुढच्या शक्यता हिरावून घेतो. नेगेल हे मरणाऱ्याविषयी बोलत होता. श्रोत्यालाही ते लागू पडते. वाजलेले सारे जपले गेले, वाजू शकले असते ते गेले. १९९५च्या डिसेंबरमध्ये उरलेल्या वादकांनी बँडचे ते नाव थांबवले, ते योग्यच झाले.

आता या स्मरणाचा मृताला काही उपयोग? एपिक्युरसच्या मते नाही. जिथे मृत्यू आहे तिथे अनुभवणारा नाही. ॲरिस्टॉटल इतका ठाम नाही. जिवंतांचे बरेवाईट मृतांपर्यंत पोहोचत असेलच तर फार क्षीणपणे, असे तो म्हणतो. बँडचे नाव ज्या लोककथेवरून आले, ती मात्र बेधडक आहे. प्रवासी एका अनोळखी प्रेताच्या अंत्यविधीचा खर्च स्वतः देतो आणि पुढे तोच मृत त्याच्या मदतीला येतो.

४ एप्रिल १९९६ रोजी सहवादक बॉब वीअर आणि गार्सियाची पत्नी डेबोरा कून्स यांनी त्याची काही रक्षा ऋषिकेशला गंगेत सोडली. उरलेली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात गेली. कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाची रक्षा गंगेत का, असे कुणी विचारील. पण श्राद्धाचा अधिकार सहसा रक्ताच्या नात्याला असला, तरी महालयात गुरू, मित्र आणि शिष्य यांनाही तर्पण असते. विद्येचे देणे परंपरेने नात्याइतकेच मानले आहे. चाहत्यांचा विधी त्याहून साधा असतो. १ ऑगस्टच्या जन्मदिवसापासून ९ ऑगस्टपर्यंत ते जुन्या मैफली ऐकतात.

एक अडचण मात्र राहते. गार्सियाला मधुमेह होता, हेरॉइनचे व्यसन होते, आणि १९८६ मध्ये तो बेशुद्धावस्थेत जाऊन मरणाच्या दारातून परतला होता. तरी दौरे चालूच राहिले. त्यांवर मोठा नोकरवर्ग पोसला जात होता आणि मैदाने भरत होती. शेवटची मैफल ९ जुलै १९९५ला शिकागोत झाली, मृत्यूच्या बरोबर महिनाभर आधी. ती मैदाने भरणारे चाहतेच होते. त्याच्या खांद्यावरच्या ओझ्यात त्यांच्या प्रेमाचाही वाटा होता, आणि ऋणाचा हिशेब मांडायचा तर ही बाजूही त्यात लिहावी लागते.